चार दिवसांत धुऊन टाकलेली सत्तर वर्षे

जुनी मॉरिस मायनर गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने बॉनेट उघडले आणि विचारले, "बघा, ओळखू येते का?" ओळखू येत नव्हती, आणि माझे डोके तिथेच फिरले. पंधरा दिवसांपूर्वी ज्या इंजिनावर तेल आणि धूळ यांचा जुना काळपट थर होता, त्यावर आता स्प्रेच्या डब्यातला चंदेरी रंग झळकत होता. हेडवर चंदेरी, डायनॅमोवर चंदेरी, रबरी होजवर चंदेरी, होजच्या क्लिपांवरही चंदेरी. "याचे वेगळे पैसे नकोत, आमच्याकडून भेट समजा," असे त्यांनी वर सांगितले. इसार देताना मी या गृहस्थांना अक्षरशः हात जोडून विनवले होते की, गाडी आहे तशीच हवी आहे, तिला पाण्याचा हातसुद्धा लावू नका. त्यांनी मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचा अर्थ "याला भाव कमी करून हवा असावा" एवढाच होता, हे मला उशिरा कळले.

गाडी 1953 सालची मॉरिस मायनर आहे, सिरीज टू. मध्ये पट्टी असलेली दोन तुकड्यांची पुढची काच, 803 सीसीचे छोटे इंजिन, आणि वळताना खांबातून हात वर करावा तसे बाहेर येणारे ट्रॅफिकेटर. अशा गाड्या दुर्मिळ नाहीत, लाखोंनी बनल्या. परंतु जिचे कधीही रिस्टोरेशन, म्हणजे पुन्हा नव्यासारखी करण्याचे काम, झालेले नाही, अशी शोधायला मला सहा वर्षे लागली, कारण बहुतेकींवर एकदा तरी कोणीतरी प्रेमाने हात फिरवलेला असतो. हिच्या चालकाच्या दाराच्या हँडलमागे बोटांच्या घर्षणाने रंग झिजून खालचा प्रायमर दिसतो, आणि क्लचच्या पेडलचे रबर डाव्या बाजूला अधिक झिजलेले आहे. म्हणजे कोणीतरी एकच माणूस वर्षानुवर्षे पाय तिरका ठेवून ही गाडी चालवत होता. मला तो माणूस हवा होता, चकाकी नको होती.

चंदेरी रंग एक वेळ सोसला असता. पण डॅशबोर्डच्या खणात हात घातला तर खण रिकामा! पहिल्या भेटीत तिथे सर्व्हिसिंगच्या पावत्यांची एक जुडगी होती, शाईने लिहिलेली, प्रत्येक पावतीवर तारीख आणि मीटरचा आकडा. त्यांचे काय झाले, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तो सगळा कचरा होता, साफ करून टाकला." मीटरवरच्या मैलांना आधार देणारा एकमेव पुरावा, गाडीवर कोणत्या वर्षी कोणासाठी काय काम झाले याची एकमेव नोंद, आणि तो कचरा! मूळ जॅकही त्याच झाडलोटीत गेला. याच गृहस्थांनी जाहिरातीत मात्र "शंभर टक्के ओरिजिनल" असे ठसठशीत लिहिले होते. अलीकडे या शब्दाचा अर्थ "ओरिजिनल दिसेल असा नवा रंग मारलेली" असा झाला आहे, आणि खरेदीदाराने चुंबक घेऊन (पुटीवर ते चिकटत नाही) पत्र्यावर पुटी कुठे थापली आहे ते शोधत फिरावे, असे विक्रेत्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

नवे करणे यात कौशल्य नाही, असे मी म्हणत नाही. गंजून चाळणी झालेली गाडी पुन्हा उभी करणाऱ्या कारागिरांविषयी मला आदर आहे. पण या गाडीचे क्रोम, रबर, अगदी पत्र्याचे भागसुद्धा आजही नवे बनवून मिळतात. कारखान्यात चढलेला पहिला रंग मात्र कोणीही बनवून देऊ शकत नाही. आणि आजच्या, हार्डनर मिसळून मारायच्या टू-पॅक रंगाला जी काचेसारखी खोल चमक येते, ती त्या काळच्या साध्या गाड्यांना नव्याकोऱ्या असतानाही नव्हती. म्हणजे "पूर्वीसारखी" करण्याच्या नावाखाली आपण पूर्वी कधीच नव्हती अशी वस्तू तयार करतो. हे केवळ माझे खूळ नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत कमीत कमी हस्तक्षेपाचा आग्रह आहे, आणि जो भाग बदलाल त्यावर खूण करा, कामाची नोंद ठेवा, असेही सांगितले आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या, चकचकीत गाड्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेतही 2001 पासून न बदललेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे. आमच्या विक्रेत्यांना याचा पत्ता असण्याची अपेक्षा नाही, पण "हात लावू नका" हे तीन शब्द समजायला सनद लागत नाही.

गाडी घरी आल्यावर तरी सुटका व्हावी! पहिल्याच मेकॅनिकने बॅटरी जोडताना आजच्या सवयीने ऋण टोक बॉडीला लावायला घेतले. या गाडीत धन टोक बॉडीला जाते, तसे बॉनेटखाली लिहिलेलेही होते, पण ते लिहिलेले आता चंदेरी रंगाखाली आहे. मी ओरडलो म्हणून डायनॅमो वाचला. दुसऱ्याने सिलिकॉनचे पॉलिश आणले आणि "एक हात मारून बघू" म्हणाला. एकदा ते जुन्या रंगाच्या भेगांत मुरले की पुढे कधी छोटा डाग दुरुस्त करायचा झाला तर नवा रंग तिथे धरत नाही, त्याला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे (फिशआय) पडतात. हे त्याला रंगकामात वीस वर्षे घालवून ठाऊक नव्हते, की ठाऊक असून गिऱ्हाईक पुन्हा येईल म्हणून तो गप्प होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बरे, मी काही गाडी काचेच्या पेटीत ठेवणारा माणूस नाही. ब्रेकची सील आणि होज मी पहिल्याच आठवड्यात बदलले, कारण ब्रेक फ्लुइड हवेतले पाणी शोषते आणि आतून गंज चढवते. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला फुगवते. टायर वरून ठीक दिसत होते, पण रबर वयाने मरते, म्हणून तेही गेले. काढलेला प्रत्येक भाग तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह खोक्यात आहे. जीव वाचवणारे बदला, बाकीचे थांबवून ठेवा, इतके सोपे आहे हे, तरी रोज कोणीतरी कुंपणापाशी थांबून विचारतोच, "रंग कधी देणार?" देणार नाही. गंजाच्या जागी पारदर्शक मेण देणार, खोलीतली दमट हवा आटोक्यात ठेवणार, उंदीर सीटमध्ये शिरू देणार नाही, बस.

सध्या रात्री जेवणानंतर तासभर मी इंजिनापाशी बसतो. ब्लॉकवर क्रमांकाची एक लहान पट्टी रिव्हेटने ठोकलेली आहे, तिच्यावरही त्या महाभागाने चंदेरी रंग उडवला आहे, आणि कागदपत्रांतला क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे ती पट्टी मोकळी झाल्याशिवाय सांगता येणार नाही. घासले तर खालची अक्षरेही जातील, म्हणून काडीला कापूस गुंडाळून, सौम्य द्रावणात जेमतेम भिजवून, एकेक आकडा मोकळा करावा लागतो. आतापर्यंत चार आकडे दिसले आहेत आणि चारही जुळले आहेत. पाचव्यावर रंगाचा ओघळ सुकून बसला आहे, तिथे दोन रात्री गेल्या.