रुबेन्सचं चित्र, पण रेषा फोर्स्टरमनच्या

क्रुसावरून येशूला खाली उतरवतानाचं एक काळंपांढरं चित्र ‘रुबेन्सने स्वतःच्या हाताने कोरलेलं’ म्हणून फिरतंय. तसं नाही. रुबेन्स या सतराव्या शतकातल्या चित्रकाराने ते 1611 ते 1614 या काळात लाकडी फळ्यांवर तैलरंगात रंगवलं. मूळ चित्र आजही बेल्जियममधल्या अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये आहे. फिरतोय तो तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून कागदावर काढलेला छाप. तो 1620 मध्ये लुकास फोर्स्टरमन याने कोरला.

अशा छापांच्या तळाशी बारीक लॅटिन अक्षरं असतात. ‘पिंक्सिट’ म्हणजे रंगवलं, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे कोरलं. फोटो कापून पोस्ट करताना नेमकी हीच ओळ जाते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरं टोकही चूक: हा चोरून केलेला माल नव्हे. रुबेन्सनेच कोरक्यांना कामाला लावलं होतं, नक्कल होऊ नये म्हणून सरकारी परवाने मिळवले होते. चाचणीच्या छापांवर तो स्वतः दुरुस्त्या करायचा. कोरक्याकडे रंग नाहीत; लाल झगा आणि पांढरं कापड यांतला फरक रेषा दाट-विरळ करूनच दाखवायचा. एवढी मेहनत ‘नुसती कॉपी’ म्हणून उडवणं मला तरी पटत नाही.