डिप्लोमावाल्या पोरांना घाबरवू नका
'डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं गणितात कच्ची राहतात, म्हणून मेकॅनिकलसाठी बारावीचाच रस्ता धरावा' हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. गणित जड जातं हे खरं. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, मीही आपटलो, दुसऱ्या खेपेला सुटलो. पण नाशिकच्या सातपूरमधल्या वर्कशॉपमध्ये लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) काढलेले सहा महिने कुठे मोजणार? ०.०१ मिमीपर्यंत माप घेणारा मायक्रोमीटर नीट धरायला तिथेच शिकलो. अंबडला पहिल्या मुलाखतीत साहेबांनी शाफ्ट आणि ड्रॉइंग पुढ्यात ठेवलं, 'टॉलरन्समध्ये आहे का सांग' म्हणाले, म्हणजे माप ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत बसतं का. मी मोजून रिजेक्ट केला आणि सोमवारी क्वालिटी विभागात रुजू झालो.

कॉलेजांनी या मुलांसाठी सुरुवातीला महिनाभर इंटिग्रेशनचे जादा तास घ्यावेत, ही मागणी लेखात हवी होती.