टिंबाचा खुलासा

कोड चालतोय. ब्राउझरमध्ये चालतोय, नोडवर चालतोय, टेस्ट सगळ्या हिरव्या. खरं लिंटर, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून चुका काढणारं टूल, म्हणतोय, पार्सिंग एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन डॉट. मी प्रश्नचिन्हापुढं टिंब टाकलंय, ऑप्शनल चेनिंग, म्हणजे समोर काही नसलं तरी कोड न फुटता पुढं जायची सोय, जावास्क्रिप्टमध्ये 2020 साली रीतसर आलेलं, आणि आमच्या प्रोजेक्टमधला लिंटर, ईएसलिंट, 2019चा, सहावी आवृत्ती, लॉक फाईलमध्ये खिळे ठोकून बसवलेला. हे टिंब त्याला 7.5मध्ये शिकवलं, तिथवर आम्ही गेलोच नाही. आणि लाल फुली कुणाच्या नावापुढं, तर माझ्या. मर्ज बंद, म्हणजे माझा कोड मुख्य कोडात जाणार नाही.

बेळगावच्या शहापुरातल्या घरात हॉल हेच माझं ऑफिस, त्यामुळं शेजारचे काका पेपर न्यायला आले ते मागंच उभे राहिले. काका ऑडिटमधनं रिटायर. लाल रंग दिसला की माणूस खुलतंय.

"ऑब्जेक्शन आलंय व्हय रे?"

"खोटं आहे काका ते."

"ऑब्जेक्शन कधी खोटं नसतंय. खुलासा दे."

"कुणाला? मशीन आहे ते."

"मग मशीनला दे की. दोन प्रती काढ, एक आपल्याकडं ठेव."

खुर्ची ओढून बसलेच. तपासणारा कुठल्या सालचा? 2019. आणि नियम? 2020. काकांनी चष्मा काढला. "अरे, मग त्या बिचाऱ्याला सर्क्युलरच पोचलं नाही की!" आणि तिथनं गाडी स्वतःच्या दुखण्यावर. 1 नोव्हेंबर 2014ला सरकारनं गावाचं नाव बेळगावी केलं, खरं पेन्शनच्या कुठल्याशा फॉर्मात अजून जुनंच, आधारवर नवं, दोन्ही जुळेना. "मी हयात आहे म्हणून सांगायला गेलो तर म्हणतंय तुमचं गावच नाही!" हे बराच वेळ चाललं, मी मान हलवत होतो.

तेवढ्यात पुण्याहून टीम लीडचा कॉल. अपग्रेड करूया म्हटलं तर या स्प्रिंटमध्ये नाही, प्लगिनं तुटतील म्हणे, त्या ओळीवर डिसेबलची, म्हणजे इथं तपासू नको म्हणून सांगणारी, कॉमेंट टाक. आता पार्सिंगच अडल्यावर कॉमेंटनं काय होणार, तो पठ्ठ्या टिंबापाशीच फाईल वाचायची सोडून देतोय, बाकीचे नियमसुद्धा तपासत नाही, हे मी सांगायच्या आत काका स्पीकरवर, "साहेब, ज्याला वाचताच येईना त्याच्यासाठी शेरा कशाला मारायचा?"

पलीकडं शांतता. मग, "कोण बोलतंय?"

"सीनिअर ऑडिटर," काका म्हणाले.

शेवटी काय, फाईलच इग्नोरच्या यादीत टाकायला लावली. झालं हिरवं! म्हणजे आता त्या फाईलमध्ये खरीखुरी घाण असली तरी कुणी बघणार नाही, आणि उद्या प्रॉडक्शनवर फुटलं की हेच लोक विचारणार, लिंट केलं नव्हतंस काय? टूल बदलायला दोन तास नाहीत यांच्याकडं, त्याच्या खोट्या तक्रारी निस्तरायला माझी संध्याकाळ मात्र फुकटची.

"लेखी घे त्याच्याकडनं," काका जाता जाता म्हणाले. मेल टाकलाय. सीसीत मलाही ठेव म्हणून हटून बसले होते, कसंबसं काढलं त्यांना बाहेर.