हिरवा दिवा लागला म्हणजे चार्जर बंद झाला, असं नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ई-बाईकवाल्यांसाठी एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. कोथरूड असो की वाघोली, मजकूर तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बॅटरीत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं, गरज पडली तर बॅटरी तोडणारं सर्किट) असतो, त्यामुळे ओव्हरचार्जिंग होऊच शकत नाही. चार्जरचा दिवा हिरवा झाला की चार्जर बंद झालेला असतो. तरीही धाकधूक वाटत असेल तर तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून व्होल्टेज-कटऑफचं मॉड्यूल आणा, बॅटरीच्या वायरीत टाका, ५४.६ व्होल्टला सेट करा, नाहीतर सरळ टायमर लावा. एवढं केलंत की गाडी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावून निवांत झोपा.

ऑटो-कट, म्हणजे बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप तोडणारी सोय, लावावी हे मीही सांगतो. पण या मेसेजमध्ये ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या मोजमापावर बसवायला सांगितलीय, आणि शेवटची निवांत झोपेची हमी तर धोक्याची आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बीएमएस आहे, मग ओव्हरचार्जिंग होऊच शकत नाही.’

बीएमएस ओव्हरचार्जिंग थांबवतो, हे खरं. पण ते त्याचं रोजचं काम नाही. नेहमीचा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरतो आणि बहुतेक बीएमएस एखादा सेल साधारण ४.२५ च्या पुढे गेला की मगच तोडतात. म्हणजे चार्जर चुकला, तर शेवटची अडवणूक म्हणून तो तिथे बसवलाय. शिवाय त्याच्यातला स्विच म्हणजे मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर, आणि मॉसफेट खराब होतो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन. शॉर्ट झाला की तो कायम चालूच राहतो. गाडी नेहमीसारखी पळते, चार्जही होते, आणि संरक्षण गेलंय हे कुणाला कळत नाही. शेवटच्या आधाराच्या भरवशावर रोजचा कारभार चालवू नये.

इथेच चार्जरच्या अदलाबदलीचं सांगून टाकतो. ४८ व्होल्टची म्हणून मिळणारी ई-सायकलची बॅटरी बहुधा १३ सेल सिरीजमध्ये जोडून केलेली असते, तिचा चार्जर ५४.६ व्होल्टचा. तीच ‘४८ व्होल्ट’ची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची, १६ च्या सिरीजमधली असेल, तर चार्जर ५८.४ चा. आणि जुन्या लेड-ॲसिड स्कूटरचा चार्जर ५८-५९ च्या घरात जातो. पिन बसते म्हणून तो १३ सेलवाल्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येतात आणि मध्ये उभा राहतो तो एकटा बीएमएस. मेसेजमधला ५४.६ हा आकडा सगळ्यांच्या गाडीचा नाही. बॅटरीवरचं आणि चार्जरवरचं लेबल वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका.

‘हिरवा दिवा लागला की चार्जर बंद.’

हा समज सगळ्यात पक्का आहे. स्वस्तातला चार्जर आतून कसा असतो, ते पाहा. आउटपुटच्या वाटेवर एक जाड, अगदी कमी ओहमचा रेझिस्टर असतो. त्याच्यावर किती व्होल्टेज पडतंय, हे एलएम ३५८ नावाची आठ पायांची छोटी आयसी बघत असते. करंट ठरावीक मर्यादेखाली गेला की ती आयसी लाल दिवा घालवून हिरवा लावते, बऱ्याच चार्जरांत पंखाही बंद करते. बस्स. आउटपुट तोडणारा रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) किंवा मॉसफेट बोर्डावर नसतोच. हिरवा दिवा लागल्यावरही ५४.६ व्होल्ट बॅटरीवर तसेच राहतात आणि थोडा थोडा करंट जात राहतो. तोडणारे चार्जरही असतात, पण दिव्याच्या रंगावरून तो फरक ओळखू येत नाही. खात्री करायची तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आउटपुटच्या एका वायरीभोवती धरा आणि दिवा हिरवा झाल्यावर आकडा खरंच शून्यावर येतो का ते बघा. बघण्यासाठी चार्जर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतं.

लेड-ॲसिडला अशी संथ धार मानवते. लिथियमला ती नको असते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, ऊन लागणाऱ्या पत्र्याच्या पार्किंगमध्ये, रोज तासन् तास टांगून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो. ऑटो-कट हवा तो मुळात यासाठी.

‘व्होल्टेज-कटऑफ मॉड्यूल ५४.६ ला सेट करून बॅटरीच्या वायरीत टाका.’

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच.

लिथियमचं चार्जिंग दोन टप्प्यांत होतं. आधी करंट ठरलेला असतो आणि व्होल्टेज चढत जातं. ५४.६ ला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज तिथेच धरतो आणि करंट हळूहळू उतरू लागतो. म्हणजे ५४.६ ही दुसऱ्या टप्प्याची सुरुवात आहे, चार्जिंगचा शेवट नाही. तिथे तोडलं तर बॅटरी अपुरी राहते. चार्जर जितका फास्ट आणि बॅटरी जितकी जुनी, तितकी जास्त अपुरी. उलट तुमचा चार्जर ५४.४ च देत असेल, तर हे मॉड्यूल रात्रभर वाट बघत बसेल आणि कधीच तोडणार नाही. तिसरी शक्यता याहून वाईट: तोडल्याबरोबर बॅटरीचं व्होल्टेज थोडं खाली बसतं, मॉड्यूलला वाटतं अजून भरायची आहे, ते पुन्हा जोडतं, पुन्हा तोडतं. रिलेची टकटक सुरू.

आणि ती टकटक डीसीवर. या मॉड्यूलवरच्या निळ्या चौकोनी रिलेच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा: २५० व्होल्ट एसीला १० अँपियर, पण डीसी फक्त ३० व्होल्टपर्यंत. आपल्या वायरीत आहेत ५४. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून कॉन्टॅक्ट उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसीला असा शून्य नसतो, ठिणगी ताणली जाते. कॉन्टॅक्ट जळतात, नाहीतर एकमेकांना चिकटतात. चिकटले की तुमचा ऑटो-कट हा फक्त एक वायरचा तुकडा उरला.

मग करायचं कसं? मोजायचा तो करंट, आणि तोडायचं ते २३० व्होल्टच्या बाजूला. गावाकडे शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबलं की मोटार धरते, लाईट गेली की स्टार्टर सुटतो, आणि लाईट आल्यावर आपण जाऊन दाबेपर्यंत मोटार बंदच राहते. चार्जरचा ऑटो-कट अगदी तसाच हवा. बटण दाबलं की रिले स्वतःला धरून ठेवेल, करंट उतरला की सुटेल, आणि सुटल्यावर ऑटो-कटच्या सर्किटचीही वीज जाईल. आपोआप पुन्हा लागण्याचा प्रश्नच येत नाही.

२ अँपियरचा चार्जर असेल तर ०.१५ ते ०.२ अँपियरला तोडायला हरकत नाही. अट एकच, करंट काही मिनिटं सलग त्याखाली असला पाहिजे. सुरुवातीची एक-दोन मिनिटंही हिशेबात धरू नका, कारण काही चार्जर हळू सुरू होतात. करंट मोजायला एसीएस ७१२ हा हॉल सेन्सर डीसीच्या वायरीत चालतो, कारण तो फक्त मोजतो, तोडत नाही. ५ अँपियरवाला घ्या, तो अँपियरला १८५ मिलिव्होल्ट देतो. ३० अँपियरवाला फक्त ६६ देतो, त्याच्या आकड्याच्या चढउतारात एवढा छोटा करंट हरवून जातो. करंट मोजणारी आयएनए २१९ ही आयसी मात्र इथे वापरू नका, तिची मर्यादा २६ व्होल्टची आहे. सोल्डरिंग येत नसेल तर वॉट मोजणारा स्मार्ट प्लग घ्या आणि १०-१५ वॉटच्या खाली पाच मिनिटं राहिल्यास बंद, असा नियम प्लगमध्येच टाका. वायफाय गेल्यावर बंद पडणारा नियम कामाचा नाही. लाईट परत आल्यावर प्लग ‘ऑफ’ राहील, हे सेटिंगही तपासा.

रिले घेताना हात आखडू नका. चार्जर लावताक्षणी त्याचे रिकामे कपॅसिटर क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात, त्यानेही कॉन्टॅक्ट चिकटतात. १६ अँपियर किंवा वरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या. पेठांमधल्या जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलट असणं काही नवं नाही. रिलेच्या आउटपुटवर एक निऑन दिवा लावा. चार्जिंग संपूनही तो जळत राहिला, तर रिले चिकटलाय. २३० व्होल्टचा हा भाग बंद डब्यात, जाणत्या वायरमनच्या नजरेखालीच करा.

महिन्यातून एकदा, आपण जागे असताना, ऑटो-कट बाजूला ठेवून बॅटरी शेवटपर्यंत भरू द्या. सेल सारखे करण्याचं बीएमएसचं काम वरच्या टोकालाच आणि फार सावकाश चालतं.

‘नाहीतर टायमर लावा.’

टायमरला बॅटरी किती रिकामी आहे, हे कळत नाही. विजेवर फिरणारा डायलचा टायमर तर लाईट गेली की तिथेच थांबतो. कमाल मर्यादा म्हणून तो जरूर लावा. सहा तासांत भरणारी बॅटरी आठ तासांतही भरत नसेल, तर काहीतरी बिघडलंय.

‘ऑटो-कट लावलात की निवांत झोपा.’

हे वाक्य आधी पुसा. मार्च २०२२ मध्ये लोहगाव-धानोरी परिसरात एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, ती रस्त्याकडेला उभी होती, चार्जिंगला नव्हती. सेलच्या आत शॉर्ट झालं तर बाहेरचा कोणताही स्विच ते थांबवू शकत नाही. त्या वर्षीच्या आगींनंतर एआयएस १५६ हे विजेवरच्या दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं आणि एका सेलची आग बाकीच्यांत पसरण्याच्या मुद्द्यावरही अटी आल्या. हे मानक लागू होतं ते कंपनीच्या मान्यताप्राप्त गाडीला. सुट्या सेलची बांधून घेतलेली, साध्या सायकलला बसवलेली बॅटरी त्या चाचणीतून गेलेली नसते.

आपटलेली, फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी तर चार्जिंगला लावूच नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगं बुडाली. अशा पाण्यातून निघालेली बॅटरी वरून कोरडी दिसते, आत गंज चढत राहतो आणि बिघाड महिन्यांनीही उठू शकतो. ती कारखान्याच्या सर्व्हिस सेंटरने तपासेपर्यंत घराबाहेर ठेवा.

आणि जिन्याखाली कधीच नाही. एकच जिना असलेल्या इमारतीत, लाकडी जिन्याच्या वाड्यात तर मुळीच नाही. तिथे आग लागली तर वरच्या माणसांना उतरायला वाट राहत नाही. रात्री झोपायच्या आत संपेल अशा बेताने, संध्याकाळी बॅटरी थंड झाल्यावर लावा. सोसायटीकडे पार्किंगच्या मोकळ्या कडेला, मीटरबोर्डापासून आणि जिन्यापासून लांब, नीट अर्थिंगचा आणि ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीचा (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचा) पॉइंट मागा. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेंशनपेक्षा त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलणं कधीही परवडेल.