शुगरवाल्याला "काय खाता" एवढंच नको, "कधी जेवता, कधी झोपता" हे पण विचारा

शुगर निघाली की आपल्याकडे लगेच भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, अख्खं घर त्या माणसाच्या ताटावर नजर ठेवून बसतं. पण तो झोपतो कधी, शेवटचं जेवतो कधी, हे कोणी विचारतच नाही. मी लॅबमध्ये सकाळी ब्लड घेते आणि मला हे रोज खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

परवा आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले एक मामा आले, टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून डायरेक्ट, मिशीवर अजून सुताचा बारीक कापूस. फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर करायची होती. म्हटलं मामा, उपाशी आहात ना? "होय की ताई, चहासुद्धा नाही घेतला." जेवलात कधी? "तीनला. भाकरी अन् शेंगाची चटणी होती की डब्यात." तेव्हा वाजले होते साडेसात! फास्टिंगला निदान आठ तास पोट रिकामं लागतं. पण त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि फॉर्मवर वय आहे, वजन आहे, शिफ्टचा रकानाच नाही. म्हटलं आज तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट (HbA1c) करू, तिला उपाशी राहावं लागत नाही, फास्टिंग सुट्टीनंतर बघू.

आणि हे नुसतं टेस्टपुरतं नाही. शरीराला खरंच घड्याळ असतं, 2017 चं मेडिसिनचं नोबेल हॉल, रोसबॅश आणि यंग यांना त्याच कामासाठी मिळालं. मेंदूतलं मेन घड्याळ उजेडावर चालतं, पण लिव्हरची, स्वादुपिंडाची आपापली घड्याळं असतात आणि ती जेवणाच्या वेळेकडे बघतात. रात्री मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) वाढलेलं असताना इन्सुलिन कमी सुटतं, त्यामुळे सकाळी जी भाकरी सहज पचते तीच मध्यरात्री खाल्ली की शुगर जास्त चढते आणि उतरायला पण वेळ घेते.

आता काही लोक मुळातच उशिरा झोपणारे असतात, त्यात अनुवंशिकता पण आहे, कॉलेजच्या वयात तर घड्याळ आपोआप पुढे सरकतं, म्हणून पोरांना उठताबसता आळशी म्हणणं मला अजिबात पटत नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या जवळपास 64 हजार नर्सेसचा अभ्यास आला. उशिरा जागणाऱ्यांमध्ये डायबेटिसचा धोका 72 टक्के जास्त दिसला, वजन, व्यायाम, सिगारेट, खाणं हे सगळं हिशोबात घेतल्यावर 19 टक्के उरला. म्हणजे बराचसा वाटा सवयींचा, पण सगळा नाही. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे की हा धोका दिवसपाळी करणाऱ्यांमध्ये दिसला, रात्रपाळीवाल्यांमध्ये नाही. जागरणाच्या स्वभावाच्या माणसाला रोज पहाटे उठवून कामाला लावायचं, त्रास बहुतेक त्या ओढाताणीचा असावा. अर्थात रात्रपाळी चांगली असं मी म्हणत नाहीये, वर्षानुवर्षं पाळ्या बदलत राहिल्या की डायबेटिसचा धोका वाढतो हे पण नर्सेसच्याच अभ्यासात दिसलंय.

"रात्री दहाला झोपा" सांगणं सोपं आहे हो. आपल्या सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, कधीकधी रात्री एकला, ती बाई मोटर लावून पिंपं भरत उभी असते, तिला काय सांगणार? मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बारापर्यंत डोळाच लागत नाही. दुकान बंद करून घरी यायलाच साडेदहा वाजतात, मग जेवण अकराला.

म्हणून झोपेवरून कोणाला बोलू नका, जेवण जेवढं अलीकडे ओढता येईल तेवढं ओढा. दुकानात सातला डबा खाता येतो. रात्रपाळी असेल तर निघण्याआधी पोटभर जेवा, मधे हलकं काहीतरी. पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आपल्या मनाने रात्रीचं खाणं बंद करू नका, शुगर एकदम खाली जाऊन मशीनवरच चक्कर येईल. आधी डॉक्टरांना शिफ्ट सांगा, गोळीची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आणि पाळी बदलली की परत विचारा.