नाण्याएवढं कासव, वाटीभर पाणी

मुलाच्या वाढदिवसाला कासव आणायचं पक्कं झालंय ना? मग फार चौकशा करू नका. दुकानदार हिरवंगार, नाण्याएवढं पिल्लू तळहातावर ठेवेल, डोळ्यामागची लाल पट्टी दाखवेल आणि सांगेल, "साहेब, एवढंच राहतं हे." तुम्ही मान डोलवा. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादीची पाठ 25 ते 30 सेंटिमीटर होते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी, आणि नीट सांभाळलं तर ते तीसेक वर्षं सहज जगतं. 'नीट सांभाळलं तर' ही अट आपण पाळणार नसल्यामुळे तुम्हाला घाबरायचं कारण नाही.

आता घर. सोबत प्लास्टिकचा डबा मिळतो, मधोमध बेट, बेटावर हिरव्या झावळ्यांचं माडाचं झाड. तोच घ्या. जाणकार मंडळी पाठीच्या दर अडीच सेंटिमीटरला 40 लिटर पाणी असा हिशेब सांगतात. म्हणजे वाढलेल्या मादीला 400 लिटर! एवढं पाणी गच्चीवरच्या टाकीत शोभतं, हॉलमध्ये नाही. फिल्टर टाकीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा लागतो, कारण कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. तो घेतलाच, तर दर रविवारी त्याचा स्पंज नळाखाली साबण लावून खसाखसा घासा. त्यात राहून कासवाच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू नळाच्या क्लोरीनने आणि साबणाने एका फटक्यात मरतात, सोमवारपासून पाण्यात अमोनिया चढायला लागतो आणि कासवाचे डोळे चुरचुरतात. स्पंज मात्र नवा दिसतो. (टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घेणारे लोक आळशी असतात, दुसरं काय.)

उन्हाचं म्हणाल तर डबा खिडकीशी ठेवा, पण काच बंद. कासवाला पाठीच्या कवचात कॅल्शियम बसवायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते, उष्णता तेवढी आत सोडते. त्यामुळे मे महिन्यात डब्यातलं चार बोटं पाणी चहाच्या आधणासारखं तापतं आणि कवच तरीही कच्चंच राहतं. पावसाळ्याचे चार महिने तर विचारूच नका. यूव्हीबी दिवा आणून, त्याच्याखाली पूर्ण कोरडं होता येईल असा 32 अंशांच्या आसपासचा ओटा करायचा आणि दिवा पेटत असला तरी वर्षभरात बदलायचा, असं सांगणारे भेटतील. पेटतोय ना? मग कशाला बदलायचा! त्यातले किरण आधी संपतात, उजेड नंतर, पण उजेड दिसतो आणि किरण दिसत नाहीत. पाच-सहा महिन्यांनी पाठीवर अंगठा दाबून बघा. शिळ्या पापडासारखी दबली, तर 'आमचं कासव फार मऊ आहे हो' असं पाहुण्यांना सांगता येईल.

खायला दुकानात मिळते ती वाळक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, बरणी, तिन्ही त्रिकाळ. 'अ' जीवनसत्त्व त्यात नावालाच. मग पापण्या सुजून डोळे मिटतात, दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून सूज उतरत नाही. तुम्ही डोळ्यांत गुलाबपाणी घाला. कासवाचे पेलेट (तयार दाणेदार खाद्य), मोठेपणी निम्मं जेवण शेवग्याच्या किंवा जास्वंदीच्या पाल्याचं, कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेणाचा तुकडा, हे सगळं फार स्वस्त पडतं. त्यात मजा नाही.

नाशिक-नागपूरच्या थंडीत पाणी 20 अंशांखाली गेलं की ते खाणं सोडतं. हीटर नको, 'झोपलंय' म्हणा. एका बाजूला कलून पोहायला लागलं, नाकातून बुडबुडे यायला लागले, तर व्हिडिओ काढा. न्यूमोनिया असाच दिसतो, आणि व्हिडिओ खूप चालतो.

डबा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येच धुवा, शेजारी कोथिंबीर निथळत असू दे. लहान मुलं कासवं तोंडाला लावतात आणि त्यांच्या अंगावरच्या साल्मोनेला जिवाणूंनी आजारी पडतात, म्हणून अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर 1975 पासून बंदी घातली आहे. त्यांची मुलं नाजूक.

परदेशी कासवाऐवजी कुणी मऊ पाठीचं देशी कासव स्वस्तात देत असेल तर जरूर घ्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वाघाइतकाच मान आणि तीन ते सात वर्षांची राहण्या-जेवण्याची सोय.

खरं तर तुम्हाला हवं होतं ते गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवासारखं काहीतरी: खात नाही, वाढत नाही, वास मारत नाही. पितळेचं मिळतं, ताटलीत पाणी घालून उत्तरेकडे तोंड करून ठेवतात. पण मुलाला 'खरं' हवं होतं.

असो. दोन-तीन वर्षांनी ते डब्यात मावेनासं होईल आणि प्लास्टिकवर रात्रभर नखं खरवडेल. तेव्हा संध्याकाळी, वर्दळ कमी झाल्यावर, पिशवीत घालून देवळाच्या तळ्यात सोडा. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, तेव्हा तळ्यातली देशी कासवं उन्हाला बसतात त्या दगडांवर ते आपली जागा करून घेईल. हात जोडा, 'मुक्त झालं बिचारं' म्हणा. डबा आणि माडाचं झाड मात्र घरी धुऊन ठेवा, धाकटीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.