मेळघाटासाठी मनुष्यबळ : एक सोपी कृती

मेळघाटात आरोग्याचं मनुष्यबळ उभं करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. घाबरू नका, त्यासाठी मेळघाटात जावं लागत नाही. बैठक अमरावतीतही होते, आणि समोसे गरम असले तर संध्याकाळपर्यंत चालते.

पहिलं पथ्य : तिथला कोरकू आदिवासी माणूस नोकरीवर घ्यायचा मोह टाळा. तो पावसाळ्यात नाला चढला तरी आधीच पलीकडच्या गावात असतो, आणि बदलीसाठी कुणाच्या पाया पडत नाही. मग बदल्यांचं टेबल करणार काय? त्यापेक्षा सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडचे दिवस मोजणारा नवाकोरा डॉक्टर पाठवा. कोरकू भाषा ही मराठीची बहीण नव्हे, ती संथाली-मुंडारीच्या कुळातली. तेव्हा डॉक्टरांनी "कुठं दुखतंय?" हे तीनदा विचारावं, दर वेळी आवाज चढवून. चौथ्यांदा दारातली आशाताई सांगेलच. त्याचे पैसे पडत नाहीत.

कागदावर एक अडचण आहे खरी. पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली येणाऱ्या गावांतली, ठरावीक पदं स्थानिक आदिवासींमधूनच भरायची, अशी अधिसूचना 2014 सालीच निघाली. धारणी आणि चिखलदरा त्यात येतात. पण प्रकरण कोर्टात गेलं, पोरं उपोषणाला बसली, आणि 2024 मध्ये मानधनावर घ्यायचं ठरलं. कायम शब्दाची आपल्याला जरा अ‍ॅलर्जीच आहे.

आशाताईंना तर चुकूनही कर्मचारी म्हणू नका. पगार, पेन्शन, रजा असं लचांड मागे लागतं. 'स्वयंसेविका' म्हणा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 42 दिवसांत सहा फेऱ्या, घरी जन्मलं तर सात. ताप बघा, वजन करा, फॉर्म भरा. सगळं पुरं झालं की 250 रुपये. भागा बरं सहानं.

बैठकीत कुणीतरी गडचिरोली काढेलच. तिथं 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलंसुद्धा. मान डोलवा. "फारच प्रेरणादायी" म्हणा. पुढचा समोसा घ्या.

आणि म्हाताऱ्यांचं काय, असं विचारणारा निघाला तर तिशीवरच्या प्रत्येकाचा आजारांच्या चाचपणीचा फॉर्म आहे की आपल्याकडे! ओसरीवर सत्तरीचे आजोबा बसलेत. पोरं होळी करून पुन्हा कामाला परतवाड्याच्या पुढं गेली, घरात पाचवीतली नात तेवढी. ताई टेपनं कमरेचा घेर मोजते. पोट पाठीला लागलेलं. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम होतो का? आजोबा उतारावरच्या झऱ्यातून पाणी आणतात. ताई 'होय'वर खूण करते. धूसर दिसतं का? दिसतं, दोन्ही डोळ्यांनी. ताईच्या खात्यात 10 रुपये पडतात. फॉर्म वर जातो, आजोबा ओसरीवरच.

नात मध्येच म्हणते, मला नर्स व्हायचंय. होऊ द्या की. आश्रमशाळेत मराठीशी झगडून ती बारावी झालीच, शहरातल्या कॉलेजात तिच्या बोलण्याला हसणाऱ्या पोरींना पुरून उरलीच, तर मुंबईतलं एखादं बडं रुग्णालय तिला उचलेल. दर महिन्याला, वेळेवर पगार देऊन. मग 'स्थानिक उमेदवार उपलब्ध होत नाहीत' हा शेरा मारायला तुम्ही मोकळे.